ट्रॅव्हलरमधला घडीचा पलंग: हायड्रॉलिक पेटी नको, सरकत्या पट्ट्या करा

तुमचा प्रश्न असा: नाशिकहून तुम्ही दोघं नवरा-बायको, साठीच्या आसपासची, सेकंडहँड टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आहे. मागच्या सीट काढून तशी नोंद आरसी बुकात करून घेतली. आता मागे असा पलंग हवा की दिवसा बसता यावं आणि रात्री दोघांना झोपता यावं. तुमची उंची ५ फूट १० इंच, वहिनींना गुडघ्यांचा त्रास. तुमचा सुतार म्हणतो, १८ मिमी प्लायची पेटी करू आणि वर हायड्रॉलिक, म्हणजे झाकण उचलून धरणारे गॅसचे दांडे, लावू. तुम्ही पाठवलेली मापं: आतली रुंदी ६६ इंच, पायरीच्या खड्ड्यापासून मागच्या दारापर्यंत ८६ इंच, चाकावरची कमान १० इंच उंच.

मी मूळचा घरातल्या फर्निचरचा माणूस. गेली काही वर्षं गाड्यांमधली कामं करतोय, त्यामुळे सुताराच्या डोक्यात काय चाललंय ते मला कळतं. घरातल्या पलंगाला हायड्रॉलिक लावायची त्याची सवय आहे, तेच तो गाडीत उतरवतोय. पण हायड्रॉलिक पेटी हा घडीचा पलंग नाहीच. तिचं झाकण उचलतं आणि खाली सामान ठेवता येतं, एवढंच. पलंग दिवसाही तेवढीच जागा अडवून बसतो. तुम्हाला हवी आहे मोकळी जमीन, आणि तो देतोय कपाट.

वजनही बघा. ८ बाय ४ फुटांचा १८ मिमीचा एक शीट साधारण ३५ किलोचा भरतो. पेटीला दोन शीट सहज जातात, म्हणजे गादी टाकायच्या आधीच ७० किलो. शिवाय गॅसचे दांडे गादीच्या वजनाचा हिशेब धरून निवडलेले असतात. गादी उन्हात टाकायला काढली की झाकण खाली बसत नाही, आणि घाटात खड्डे लागले की तेच झाकण वरखाली आपटतं.

दुसरा मोह आडव्या पलंगाचा, म्हणजे गाडीच्या रुंदीत झोपायचं. लांबी वाचते हे खरं. पण तुमची उंची ७० इंच आणि गाडीची आतली रुंदी ६६. गुडघे मुडपून एक रात्र निघते, आठ दिवस निघत नाहीत. आणि ६६ हे माप तुम्ही कोणत्या उंचीवर घेतलंत? गाडीची भिंत वर जाताना आत झुकते. जमिनीवर, १७ इंचांवर आणि ३० इंचांवर अशी तीन मापं घ्या आणि त्यातलं सगळ्यात कमी खरं धरा. मापं घेताना भिंतीचं आतलं पॅनेल बसलेलं असू द्या. उघड्या पत्र्यावर माप घेऊन नंतर इन्सुलेशन आणि पॅनेल चढवलं की दोन्ही बाजूंचा इंच-इंच जातो. हे मी स्वतः भोगलंय, तयार फ्रेम ग्राइंडरने कापावी लागली होती.

भिंतीला उभा मिटणारा पलंग दिसायला झकास असतो. पण उघडमीट करताना पूर्ण पलंगाचं वजन वहिनींच्या हातात येणार, आणि चालत्या गाडीत ते वजन उंचावर राहणार. तो विचार सोडा. इंटरनेटवर फोक्सवॅगनच्या गाड्यांमधला जो पलंग दिसतो, बसायची सीट पुढे ओढली की पाठ सपाट होणारा, तो त्या गाड्यांना शोभतो. पण तिथे ती प्रवासात बसायची सीट असते, सीटबेल्टसकट. तिची मजबुती गल्लीतल्या वेल्डिंगवर सोडायची नसते. त्यांच्याकडची मला आवडते ती गोष्ट वेगळी. वेस्टफालिया कंपनीने १९५१ साली फोक्सवॅगनच्या बससाठी ‘कॅम्पिंग बॉक्स’ काढला. आठवडाभर गाडी धंद्याला वापरा आणि सुटीत आतलं लाकडी सामान बसवून फिरायला जा, अशी सोय. गाडी कामाची राहिली पाहिजे, हा विचार तेव्हापासूनचा आहे.

आता मी काय करीन ते सांगतो. डाव्या भिंतीलगत गाडीच्या लांबीत ७४ इंच लांबीचं बाकडं. त्याचा वरचा भाग प्लायच्या पट्ट्यांचा. रात्री त्यातल्या निम्म्या पट्ट्या पुढे ओढायच्या की रुंदी जवळजवळ दुप्पट होते. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवा आणि हात हळूहळू लांब न्या. बोटं पूर्ण सुटायच्या आधी थांबा. तो तुमचा पलंग. एकाआड एक पट्टी बाकड्याला पक्की, आणि मधल्या पट्ट्या पुढच्या सरकत्या लोखंडी पाइपला जोडलेल्या.

रुंदीचा हिशेब नीट लक्षात घ्या, कारण बहुतेक जण इथेच फसतात. बाकडं २४ इंच केलं म्हणजे पलंग ४८ होईल असं वाटतं. होत नाही. पट्टी पूर्ण बाहेर आली तर तिची मागची बाजू टेकणार कशावर? किमान ४ इंच तरी ती मागच्या पट्ट्यांमध्ये गुंतलेली राहायला हवी. म्हणून पक्क्या पट्ट्या २६ इंच, सरकत्याही २६, आणि त्यातून गुंतलेले ४ वजा: ४८. मिटलेल्या अवस्थेत सरकता पाइप बाकड्याच्या पाइपच्या पुढे येऊन थांबतो, त्यामुळे बाकड्याची खोली २७ इंच भरते. तो एक इंचाचा ओठ फुकट जात नाही, ओढायला बोटं तिथेच घालायची.

गाद्यांचं गणितही त्यावरच बसतं. बसायची गादी २६ इंच, पाठीची गादी २२ इंच. रात्री पाठीची गादी आडवी टाकली की २६ आणि २२, बरोबर ४८. पाठीची गादी ४ इंच जाड असल्याने दिवसा बसायला २२ इंच खोली उरते, म्हणजे घरातल्या सोफ्याइतकी. शिवाय गाद्यांचा सांधा दोघांच्या मधोमध लांबीत जातो, कुणाच्या कमरेखाली येत नाही. एकाला २६ आणि दुसऱ्याला २२ इंच मिळतात, त्यावरून काय व्हायचं ते तुमचं तुम्ही मिटवा.

रात्री ६६ मधून ४८ गेले की १८ इंचांची वाट उरते. आडवं होऊन का होईना, उठता येतं. म्हणून समोरच्या भिंतीला पलंगाच्या लांबीत ओटा करू नका. ओटा पुढे, दरवाजाच्या बाजूला न्या. मागे ८६ वजा ७४, म्हणजे १२ इंच राहतात. तिथे खुर्च्या, पाण्याचे कॅन. स्वयंपाकाचा गॅस झोपायच्या जागेत ठेवू नका, त्यावर मी चर्चासुद्धा करत नाही.

आता पट्ट्या. ७४ इंच म्हणजे १८८० मिमी. पट्टी ७२ मिमी रुंद घ्या. १३ पक्क्या, १२ सरकत्या, एकूण २५. २५ गुणिले ७२ म्हणजे १८००. उरलेले ८० मिमी २४ फटींमध्ये वाटले की प्रत्येक फट सव्वातीन मिमीची. दोन मिमी ठेवली तर पावसाळ्यात पलंग अडकतो, पाच-सहा ठेवली तर पट्ट्या तिरक्या होऊन एकमेकींना चावतात. पट्ट्या बसवताना ३ मिमी प्लायचे तुकडे फटींमध्ये अडकवा, सगळ्या स्क्रूने आवळा आणि मग तुकडे काढा. डोळ्याच्या अंदाजाने बसवलेल्या पंचवीस पट्ट्यांमधली एक तरी वाकडी जाते, आणि एक वाकडी असली तरी पूर्ण पलंग अडतो.

पट्टी १८ मिमीचीच. वजन वाचवायला सुतार १२ सुचवेल. पट्टीची ताकद जाडीच्या वर्गावर चालते. १२ मिमीची पट्टी १८ च्या तुलनेत नऊला चार भरते, म्हणजे निम्मीही नाही, आणि वाकते ती तिपटीहून जास्त. पलंगावर चढताना माणूस आधी गुडघा टेकतो, तेव्हा जवळजवळ सगळा भार एका पट्टीच्या मध्यावर येतो. तिथे १२ मिमी कडकन मोडते. दुसरं म्हणजे पट्ट्या शीटच्या ८ फुटांच्या दिशेने कापा, वरच्या थराचे तंतू पट्टीच्या लांबीत यायला हवेत. घाईत आडव्या कापल्या तर तेच प्लाय बरंच कमजोर पडतं. प्लाय IS ७१० चा घ्या, ज्याला बाजारात मरीन म्हणतात. शिक्का शीटवर बघा, बिलावर नाही. एका शीटमध्ये अशा ४८ पट्ट्या निघतात, तुमचं काम अर्ध्या शीटपेक्षा थोडं जास्त खाईल. पंचवीस पट्ट्यांचं वजन १४ किलोच्या आसपास. कडा घासून गोल करा आणि चारही बाजूंनी पॉलिश किंवा पीयू (पॉलियुरेथेनचा लेप) मारा, कापलेल्या कडांना दोन हात जास्त. सनमायका नको, त्याच्या कडा फटीत घासून उचकटतात.

फ्रेम लोखंडी, एक इंची चौकोनी पाइप, १६ गेज जाडीच्या पत्र्याचा. मीटरला जेमतेम १.२ किलो. पूर्ण फ्रेमला १४ मीटर धरा, म्हणजे १७ किलो. फ्रेमची उंची पट्ट्यांसकट १३ इंच, वर ४ इंचांची गादी, एकूण १७. वहिनींच्या गुडघ्यांना ही उंची सोयीची पडेल, आणि १० इंची कमान आरामात खाली जाते. अॅल्युमिनियमचा विचार आला असेल तर तेवढ्याच मापाचा अॅल्युमिनियम पाइप लोखंडाच्या तिपटीने वाकतो. मोठा सेक्शन घेतला तर चालतं. भोसरी-चाकणच्या बाजूला कारखान्यांच्या कामाचे खाचेवाले ४० बाय ४० मिमीचे अॅल्युमिनियम सेक्शन मिळतात. ते नटबोल्टवर जुळतात, वेल्डिंग लागत नाही. पण तुमच्याकडे चांगला वेल्डर असेल तर लोखंड बरं, आणि कुठल्याही गावात दुरुस्त होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, जो चित्रात दिसत नाही. सरकत्या पट्ट्या पुढे पाइपला जोडलेल्या असतात, पण त्यांची मागची टोकं मोकळी ठेवू नका. टोकापासून दीड-दोन इंचांवर, खालच्या बाजूने, सगळ्या बारा पट्ट्यांना जोडणारी एक आडवी लाकडी दांडी टाका. ही दांडी पक्क्या पट्ट्यांच्या खालून सरकते. तिची दोन कामं. पलंग ओढला की ती बाकड्याच्या पुढच्या पाइपला आतून अडते, त्यामुळे ४ इंच गुंतवण आपोआप राखली जाते. आणि कुणी बाहेरच्या कडेवर धपकन बसलं तर मागची टोकं वर उसळत नाहीत, कारण दांडीवर पक्क्या पट्ट्यांचा दाब असतो. मी सुरुवातीच्या एका पलंगात ही दांडी टाकली नव्हती. मालकांचे सासरे चहाचा कप घेऊन कडेवर बसले, मागून सगळ्या पट्ट्या पियानोच्या पट्ट्यांसारख्या उठल्या आणि आजोबा जमिनीवर. लागलं नाही, चहा मात्र माझ्या अंगावर.

सरकत्या पाइपला तीन पाय: दोन टोकांना, एक मध्ये. मधला गाळू नका, १८८० मिमीचा एक इंची पाइप दोघांच्या वजनाखाली मध्ये झोल खातो. पाय बोल्टवर फिरणारे, नायलॉक (हादऱ्यांनी न सुटणारे) नट लावून, पाइपखाली मिटणारे. उघडल्यावर पाय अगदी सरळ उभा राहू नये, थोडा बाहेर झुकून ठोकळ्याला टेकावा. मग वजन पडेल तसा तो जास्त घट्ट बसतो. अगदी सरळ ठेवला तर कुणाच्या तरी पायाचा धक्का लागून आत मिटतो.

चालत्या गाडीत हा पलंग बंदच राहिला पाहिजे. बाकडं भिंतीलगत असल्याने तो उघडतो आडवा, आणि वळणावर गाडी त्याला आडवीच ओढते. माझ्या स्वतःच्या गाडीत मी कपाटाचं मॅग्नेट लावून समाधान मानलं होतं. कशेडी घाटात एका वळणावर पलंग आपसूक उघडला आणि समोरच्या डब्यांवर आदळला. त्या वेळी मागे कुणी नव्हतं हे नशीब. तेव्हापासून दोन्ही टोकांना एकेक जाड टॉवर बोल्ट, म्हणजे दाराला असते तशी सरकती कडी, खाली पडणारी, म्हणजे खड्ड्यांनी उलट आणखी बसते. गाडी चालू असताना त्या बाकड्यावर कुणीही बसायचं नाही. तिथे पट्टा नाही, आणि आरसीप्रमाणे ती सीटही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा रोख हाच आहे की आरसीवरचे तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलांपासून वेगळे पडतील असा बदल गाडीत मनाने करायचा नाही. सीट कमी केल्याची नोंद तुम्ही केलीच आहे, आता बाकड्याला सीटबेल्ट लावून सीट वाढवायच्या फंदात पडू नका.

फ्रेम जमिनीला बसवताना सेल्फ टॅपिंग (नटाशिवाय थेट पत्र्यात घुसणारे) स्क्रू अजिबात नको. जोरात आदळलं तर वस्तूवर तिच्या वजनाच्या वीसपट ओढ येऊ शकते. पलंग गाद्यांसकट ४५ किलोच्या आसपास होईल, म्हणजे ९०० किलोंची ओढ. काढलेल्या सीटची मूळ बोल्टची भोकं जिथे जुळतील तिथे तीच वापरा, ती कंपनीने त्याच कामासाठी केलेली असतात. बाकी ठिकाणी ८ मिमीचे, डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा आकडा लिहिलेले बोल्ट आणि खालून तळहाताएवढी लोखंडी पट्टी. भोक पाडण्याआधी कुणाला तरी गाडीखाली झोपवा. डिझेलची नळी, ब्रेकची नळी, वायरी कुठून जातात ते बघून खूण करा. वरून ड्रिल मारायची हौस महागात पडते. भोकाच्या कडेला लगेच रेड ऑक्साइड (गंज रोखणारा रंग), नाहीतर दोन पावसाळ्यांत गंज गोल पसरतो.

पट्ट्या सरकायला तेल-ग्रीस लावू नका, धूळ धरून काळी पेस्ट होते आणि गादीला लागते. पाइपच्या वरच्या अंगाला नायलॉनची पातळ पट्टी चिकटवा आणि लाकडाच्या खालच्या बाजूला साधी मेणबत्ती घासा. महिन्यातून एकदा पुरे. खडखड येत असेल तर पाइप जिथे पाइपला टेकतो तिथे फेल्ट, म्हणजे नमद्यासारख्या जाड कापडाचा तुकडा.

खाली सामानासाठी पट्ट्या उचलायची सोय करू नका, पुढून ओढायचे क्रेट ठेवा, २८० मिमीपर्यंत उंचीचे. रात्री लागणाऱ्या वस्तू, म्हणजे बॅटरी, औषधं, चपला, टोकाच्या क्रेटमध्ये, म्हणजे पलंग उघडलेला असतानाही हात पोचतो.

फोम ४० डेन्सिटीचा, ४ इंच. दुकानदार ३२ मऊ म्हणून दाखवेल आणि हाताला तो छानच लागतो. पण उघडलेल्या पलंगात दोन पट्ट्यांमध्ये जवळजवळ ७८ मिमीची फट असते. मऊ फोम सहा महिन्यांत त्यात उतरतो आणि बरगड्यांना पट्ट्या मोजता येतात. दोन्ही गाद्या एकाच ब्लॉकमधून, एकाच दिवशी कापून घ्या. रोज बसून बसून एक गादी दबते, पाठीची दबत नाही, आणि वर्ष-दीड वर्षात पलंगाच्या मध्यभागी पायरी तयार होते. ती टाळायला दोन्ही बाजूंना तेच कापड लावा, चेन कडेला घ्या, आणि महिन्याला बसायची गादी उलटी करा. रेक्झिन नको. पावसात माळशेजला किंवा ताम्हिणीला काचा बंद करून दोघं झोपलात की श्वासाची वाफ गार तळाला जमते, आणि रेक्झिनखाली ती सुकत नाही, बुरशी येते. पट्ट्यांच्या पलंगाचा हा मोठा फायदा आहे की गादीला खालून हवा लागते. प्लायच्या पेटीत ती सोय नाही.

खर्चाचा आकडा मी देत नाही, तुमच्या गावचे भाव तुम्हाला माहीत. एवढं सांगतो की लाकूड-लोखंडापेक्षा फोम आणि शिलाई जास्त खाते, तेव्हा तिथला मोह आवरा, बोल्टमध्ये नाही.

काम सुरू करण्याआधी जमिनीवर चिकटपट्टीने दोन चौकटी आखा, एक २७ इंचांची, एक ४८ ची, आणि रात्री दिवे बंद करून मोबाइलच्या उजेडात पलंग उघडायचं नाटक दोघांनी करून बघा. बोल्ट, ओढा, पाय, गादी: चार हालचाली. एकट्या वहिनींना, गाडीतून खाली न उतरता, दोन मिनिटांत जमलं पाहिजे. त्याहून वेळ लागला तर तुम्ही तिसऱ्या दिवसापासून पलंग मिटवणारच नाही, आणि मग सुताराची पेटी काय वाईट होती? कुठे अडतंय ते कागदावर लिहा आणि फ्रेम तसं बदलून करा. फ्रेम झाल्यावरही फोमवाल्याकडे लगेच जाऊ नका. नुसत्या पट्ट्यांवर घरातल्या गोधड्या टाकून दोन रात्री अंगणातच झोपून बघा. कुठली पट्टी करकरते, कुठला पाय हलतो, ते तेव्हाच कळतं, आणि गाद्यांची शेवटची मापं त्यानंतर घ्या.